जमिनीतली चिल्लर

गुप्तधन दिसायला माणूस पायाळू असावा लागतो, असं आमच्याकडच्या जुन्या बायका सांगत. पायाकडून जन्मलेल्याच्या डोळ्यांत ठरावीक अंजन घातलं की त्याला जमिनीखालचा हंडा दिसतो. हंड्यावर नाग बसलेला असतो. आणि काहीतरी दिल्याशिवाय नाग तिथून हलत नाही. या ‘काहीतरी’पायी इतकं क्रौर्य घडत आलं, की महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या शोधासाठी चालणाऱ्या अघोरी प्रकारांची स्वतंत्र दखल घ्यावी लागली.

मी पायाळू नाही. माझ्याकडे चार पेन्सिल सेलवर चालणारं एक यंत्र आहे, आणि ते घेऊन मी न्यू जर्सीतल्या सार्वजनिक बागांमधून नाणी शोधत फिरतो. हा नाद ऐकला की देशातून आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत लगेच तो हंडा तरळतो. पण हंडा कुणीतरी जाणूनबुजून पुरलेला असतो. त्याच्यामागे लढाई असते, दुष्काळ असतो, भाऊबंदकी असते. मी शोधतो ते कुणी पुरलेलं नाही, पडलेलं आहे. गवतावर आडवं होताना पँटच्या खिशातून घरंगळलेलं, लेमोनेडचे पैसे देताना बोटांतून निसटलेलं, पोराने कोलांटी मारली तेव्हा सांडलेलं. ज्याचं पडलं त्याला बहुधा कळलंही नाही, आणि कळलं असेल तर दोन मिनिटं चरफडून तो विसरला. जमिनीत गुप्तधन फार थोडं आहे. चिल्लर मात्र अमाप आहे.

ती शोधायची तर यंत्र कोणतं घ्यावं? बाजारात ढोबळ तीन पायऱ्या आहेत. शंभर-दीडशे डॉलरची यंत्रं ‘इथे धातू आहे’ एवढं सांगतात आणि पुढचं गिऱ्हाइकाच्या श्रद्धेवर सोडतात. दीड हजार डॉलरच्या पुढची यंत्रं एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालतात, पडद्यावर आलेख काढतात, खिळ्याला खेटून पडलेलं नाणंही वेगळं ओळखतात. त्यांची पुस्तिका वाचण्यात एक हिवाळा निघून जातो. मधल्या पायरीवर, साधारण अडीचशे ते सातशे डॉलरमध्ये, खरी गर्दी आहे. नोक्ताचं सिम्प्लेक्स आहे, मायनलॅबचं व्हॅन्क्विश आहे (तेही आता अनेक वारंवारतांचं), गॅरेटची एस आणि एटी ही घराणी आहेत. मी एटी प्रो घेतलं. एकच वारंवारता, १५ किलोहर्ट्झ. साडेआठ बाय अकरा इंचांची लंबगोल कॉइल. दहा फूट पाण्यात बुडालं तरी चालेल अशी बांधणी. आणि ० ते ९९ पर्यंत आकडा दाखवणारा छोटा पडदा.

एकाच वारंवारतेचं यंत्र घ्यायचं तर आकडा कुठला, यालाही अर्थ असतो. पाच-सात किलोहर्ट्झच्या आसपासची यंत्रं चांदी-तांब्याच्या मोठ्या नाण्यांना चांगली. वारंवारता जसजशी वाढते तसतशी बारीक, पातळ, कमी वाहक वस्तूंची चाहूल बरी लागते. पंधरा ही मधली जागा आहे. कपाटात ठेवलेलं नुसतं पाहण्यापेक्षा यंत्र दुकानात हातात धरून दहा मिनिटं हलवत राहावं. शे-दोनशे ग्रॅमचा फरक दंडाला तासाभराने समजतो. आणि जमिनीशी जुळवून घ्यायची सोय त्यात आहे ना, हे पाहावं. मातीतल्या लोहखनिजांमुळे माती स्वतःच कुजबुजत असते. ती कुजबुज आधी यंत्राला ओळखून वजा करावी लागते. आमच्या दख्खनच्या काळ्या मातीत बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट मिसळलेलं आहे. तिथे हेच यंत्र बरंच गोंधळेल.

कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. तिथे धातू असला तर त्याच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, आणि ते भोवरे आपलं स्वतःचं इवलंसं क्षेत्र उलट पाठवतात. हे उत्तर किंचित उशिरा येतं. चांदी-तांब्यासारख्या उत्तम वाहकांचं उत्तर जास्त रेंगाळतं, चॉकलेटच्या चांदीचं लवकर ओसरतं, लोखंड तर क्षेत्रालाच आपल्याकडे ओढून वेगळ्या तऱ्हेने बोलतं. हा उशीर मोजून यंत्र पडद्यावर आकडा देतं आणि त्याप्रमाणे आवाज काढतं: लोखंडाला खर्जातली घुरघुर, मधल्यांना मधला सूर, उत्तम वाहकांना घंटेचा स्वच्छ नाद. चार पिढ्यांपूर्वी आमच्याकडचा सराफ रुपया दगडावर आपटून, वाजवून घ्यायचा. हे यंत्र तेच करतं, फक्त नाणं सहा इंच मातीखाली असतानाच वाजवून पाहतं.

सराफाला मात्र एक गोष्ट माहीत होती, जी या यंत्राला माहीत नाही: समोरची वस्तू रुपयाच आहे. यंत्राला नाणं, अंगठी, बिल्ला, बाटलीचं बूच यांतलं काही कळत नाही. त्याला उशीर कळतो. किंमत कळत नाही, वय कळत नाही, कुणाच्या बोटातून निसटलं ते तर नाहीच नाही. आणि म्हणूनच काय ऐकायचं नि काय टाळायचं, हे यंत्र माणसालाच विचारतं. त्या सोयीला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. बटण दाबून लोखंड गप्प करता येतं, आणखी दाबलं तर अॅल्युमिनियमचे तुकडे गप्प करता येतात. ‘कॉइन्स’ नावाचा तयार मोडही असतो. नेहमीचा बराचसा कचरा त्यात आधीच मुका केलेला असतो. नवख्याला हा मोड वरदान वाटतो. बागेत शांतता पसरते, अधूनमधून घंटा वाजते, वाकावं, उकरावं, नाणं घ्यावं.

या शांततेची किंमत कळायला अमेरिकेतल्या चिल्लरीचा इतिहास थोडा उकरावा लागतो.

१९६४ पर्यंतच्या डाइम आणि क्वार्टर, म्हणजे दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांत ९० टक्के चांदी होती. अडीच ग्रॅमच्या डाइममध्ये सव्वादोन ग्रॅम शुद्ध चांदी. चांदी महागली, नाणी तिजोऱ्यांत जाऊ लागली, टंचाई झाली, आणि २३ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. डाइम-क्वार्टरमधली चांदी गेली. आत तांबं आणि वर तांबं-निकेलचा पत्रा असं सँडविच आलं. त्यानंतर लोकांनी पाच-सहा वर्षांत बाजारातली जुनी चांदी वेचून वेचून घरी नेली. जिच्यापर्यंत कुणाचा हात पोचला नाही, ती फक्त जमिनीत पडलेली. साठ वर्षांपूर्वी शनिवारच्या दुपारी एखाद्याच्या खिशात कोणती नाणी कोणत्या प्रमाणात खुळखुळत होती, हे पाहायला आज बागेच्या मातीइतकी प्रामाणिक जागा नाही. बाकी सगळीकडून माणसांनी निवडून घेतलं आहे.

नेमक्या त्याच वर्षांत दुसरी एक वस्तू बागांवर सांडायला लागली होती. ओहायोतल्या डेटन गावचा अर्मल फ्रेझ १९५९ मध्ये सहलीला गेला आणि बिअरचे डबे उघडायचं साधनच सोबत नव्हतं, म्हणून गाडीच्या बंपरवर डबा फोडावा लागला, अशी गोष्ट सांगतात. त्यातून त्याने ओढून काढायच्या टॅबची कल्पना पुढे नेली. १९६२ मध्ये पिट्सबर्गची आयर्न सिटी बिअर तसल्या डब्यात विकायला आली. ओढा, टॅब बोटात येते, फेकून द्या. पुढची दहा-पंधरा वर्षं अमेरिकेने त्या टॅबा गवतावर अक्षरशः पेरल्या. पोरांचे तळवे कापले, आणि शेवटी १९७५ मध्ये रेनॉल्ड्स कंपनीच्या डॅनियल कड्झिकने डब्यालाच चिकटून राहणारी टॅब आणली. म्हणजे तोडून फेकलेली टॅब ही चक्क तारखेची खूण आहे. ती दिसली की समजावं, आपण साठ-सत्तरच्या दशकात आहोत. खाली अजून चांदीचा थर असू शकतो.

आता गंमत पाहा. माझ्या यंत्रावर चांदीचा डाइम ऐंशीच्या वर बोलतो, क्वार्टर त्याहून वर, पंच्याऐंशी-नव्वदच्या घरात. पण पाच सेंटचं निकेल बोलतं पन्नाशीच्या आसपास. टॅबही पन्नाशीच्याच आसपास बोलते. आणि सोन्याच्या बऱ्याचशा अंगठ्या, आकार आणि कसाप्रमाणे थोड्या पुढे-मागे, त्याच वस्तीत राहतात. तेव्हा टॅबचं तोंड बंद केलं, की तिच्यासोबत सोनंही गप्प होतं. १९४२ ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत निकेल हा धातू सैन्याला हवा होता म्हणून पाच सेंटच्या नाण्यात ३५ टक्के चांदी घातली गेली. चांदी असूनही त्या नाण्याला घंटेचा नाद मिळेल याचा भरवसा नसतो, कारण मिश्रणात मँगनीजही आहे. चांदी नेहमी चांदीसारखी वाजेल असं नाही.

युद्धातल्या नाण्यांवरून आईशी फोनवर बोलणं झालं होतं. ती वाईला असते. तिला सांगितलं, इकडे १९४३ साली तांबं वाचवायला पेनी पोलादाची काढली होती. ती म्हणाली, “मग आमच्या पैशाला भोक कशामुळे पडलं होतं? त्याच लढाईने पाडलं.” खरंच, भोकाचा पैसा १९४३ चाच. रुपयातली चांदीही १९४० मध्ये निम्म्यावर आली होती, आणि १९४७ च्या रुपयात ती उरलीच नव्हती. लढाई कुठेही होवो, जगभरच्या खिशांतली नाणी हलकी होतात. मग आईने मूळ प्रश्न विचारला.

“बरं, मिळालं का रे आज काही?”

“साठ सेंट.”

“म्हणजे किती?”

“पन्नास रुपये धर.”

“आणि पेट्रोल केवढ्याचं जाळलंस?”

या हिशेबात मी कायम हरतो. यंत्राचे पैसे यंत्राने वसूल होतील, या आशेने हा नाद लावून घेणाऱ्याने सरळ दुसरा नाद शोधावा.

या यंत्राच्या पूर्वजाला पहिल्याच मोठ्या परीक्षेत अपयश आलं होतं. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली. ती कुठे आहे ते शोधायला टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपली विद्युत तुला घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेला. कॉइल अंगावरून फिरवायची आणि कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये गुणगुण ऐकायची. दुसऱ्या खेपेला गुणगुण आली, पण एका जागी नव्हे, मोठ्या पट्ट्यात सगळीकडे. नंतर उलगडा झाला की गादीखाली पोलादी तारांची जाळी होती. आणि मुख्य डॉक्टर ब्लिस यांचा ठाम ग्रह होता की गोळी उजव्या बाजूलाच आहे, त्यामुळे शोधही त्याच बाजूला झाला. १९ सप्टेंबरला आमच्याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, एल्बरोनला, गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. यंत्र खोटं बोललं नव्हतं. पलंगात पोलाद होतं, ते त्याने सांगितलं. ऐकायचं कुठे, हे मात्र आधीच ठरून गेलं होतं.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या चार्ल्स डार्विनचं शेवटचं पुस्तक आलं. विषय: गांडुळं. जमिनीवर पडलेल्या वस्तू खाली जातात त्या स्वतःच्या वजनाने नव्हे, तर गांडुळं खालची माती वर आणून त्यांच्यावर घालत राहतात म्हणून, हे त्याने वर्षानुवर्षं मोजून दाखवलं. शेतावर पसरलेला चुना कालांतराने काही इंचांवर पांढऱ्या रेघेसारखा सापडतो. रोमन काळातल्या फरशाही गांडुळांनीच गाडल्या. गाडण्याचं शास्त्र आणि शोधण्याचं यंत्र दोन्ही १८८१ मधलीच, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. आज मात्र माझ्या पायाखाली ती दोन्ही भेटतात. बागेच्या मऊ मातीत साठच्या दशकातला डाइम चार ते सहा इंचांवर असतो. आणि मधल्या किमतीचं यंत्र बऱ्या मातीत डाइमचा स्पष्ट आवाज सात-आठ इंचांपर्यंत देतं. महागडं यंत्र आणखी इंच-दोन इंच देईल. सार्वजनिक बागेतल्या चिल्लरीपुरती गांडुळांची आणि मधल्या किमतीची धाव जवळपास सारखीच आहे.

पन्नाशीच्या आकड्यांबद्दलचं माझं धोरण एका क्रिकेटच्या मैदानाने पक्कं केलं. आमच्याकडच्या बागांत रविवारी देशी पोरांचे सामने असतात. त्यातल्या एकाची साखरपुड्याची अंगठी झेल घेताना बोटातून उडाली. संध्याकाळी त्याचा मित्र दारात: “काका, तुमच्याकडे ते यंत्र आहे ना?” डीप मिडविकेटच्या अंदाजाने दोरी लावून चौकोन आखला, आणि यंत्र झीरो मोडवर टाकलं, झीरो म्हणजे कुणाचंही तोंड बंद करायचं नाही. मैदान एकदम बोलू लागलं. खिळे, बुचं, जस्ताच्या पेन्या (१९८२ नंतरची पेनी जस्ताची, वर नुसता तांब्याचा मुलामा; मातीत ती कुजते आणि कडेने खाल्ल्यासारखी होते), आणि पन्नाशीच्या टॅबा, एकामागून एक. प्रत्येक पन्नाशीला गुडघा टेकायचा. पोरगा आधी उत्साहात, मग ओशाळून, मग नुसता टॅबा गोळा करत मागे मागे. अंगठी निघाली तीही तशाच एका कोरड्या, मधल्या सुराखाली, गवताच्या मुळांतच. तिचा आवाज आधीच्या टॅबांपेक्षा वेगळा होता, असं मी त्याला सांगितलं नाही. वेगळा नव्हताच.

अर्थात कान तयार होतो. कॉइल जमिनीलगत, समांतर ठेवून, प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्यावर थोडा चढवत हलवायची, घाई नाही. आवाज आला की नव्वद अंशांत वळून पुन्हा ऐकायचा. नाणं गोल असतं. ते सगळ्या बाजूंनी सारखं बोलतं. वाकडा खिळा एका दिशेने घंटा वाजवतो आणि दुसऱ्या दिशेने घुरघुरतो. पोलादी बूच ऐटीत वरचा आकडा दाखवतं, पण त्याच्या कडा फाटक्या ऐकू येतात. हे पडद्यावर दिसत नाही. हेडफोन लावून ऐकत राहिलं की हळूहळू समजू लागतं, आणि प्रत्येक अंदाजाचा निकाल खुरप्याच्या टोकाशी लगेच मिळतो.

हो, खुरपंच. इथे त्याला भारी नावं देऊन, दाते काढून, कमरेला लटकवायच्या म्यानासकट विकतात. पण वस्तू आपली ओळखीची आहे. गवताचा घोड्याच्या नालेसारखा काप घ्यायचा, एक बाजू मुळांसकट जोडलेली ठेवायची, झाकणासारखा उलटायचा, माती रुमालावर काढायची, वस्तू काढून सगळं होतं तसं दाबून बसवायचं. आमच्या गावच्या कार्यालयाची परवानगीमागची मुख्य अट हीच आहे की दुसऱ्या दिवशी कुणाला जागा ओळखता येऊ नये. गावागणिक नियम निराळे. राष्ट्रीय उद्यानांत तर असं यंत्र जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना १९७९ पासून कायद्याचं संरक्षण आहे. ते योग्यच आहे. वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती ही माहिती एकदा उकरली की परत पुरता येत नाही.

म्हणूनच सुट्टीत येताना यंत्र घेऊन ये, गडावर जाऊ, असं भाचा म्हणतो तेव्हा मी साफ नाही म्हणतो. शिवराई हातात यावी असं कुणाला वाटणार नाही? एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. बाजारात भाजी घ्यायला वापरलेलं तांब्याचं नाणं, तेही पडलेलंच. पण संरक्षित गडावर परवानगीशिवाय उकरणं हा गुन्हा आहे. आणि कुठल्याही जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं दडलेलं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. दहा रुपयांत आज शिवराई तर सोडाच, धड चहासुद्धा येत नाही. तेव्हा कायद्यातून निसटायला वाट नाही.

तर यंत्र कोणतं घ्यावं? मधल्या किमतीचं घ्यावं, असं मी सांगतो, आणि त्याचं कारण नुसती बचत नाही. जसजसे पैसे वाढवावेत तसतशी यंत्रं तुमच्या शंका कमी करत नेतात. मला त्या शंका हव्या आहेत. बावन्नचा आकडा आला. टॅब असेल, निकेल असेल, कुणाची तरी अंगठी असेल. वाकायचं की पुढे जायचं, हे मला ठरवू द्या. हा निर्णयही विकत घेतला तर माझ्या हाती उरेल ती नुसती खुरपणी, आणि तिच्यासाठी एवढ्या लांब यायचं कारण नव्हतं. गावच्या हळदीच्या शेतात ती हवी तेवढी होती, मजुरीही मिळाली असती.